वू शिंग शिकताय? आधी कागद-पेन्सिल घ्या

स्वागत! वू शिंग म्हणजे चिनी वैद्यकातली पंचतत्त्वं. लगेच सुया, नाडी आणि काढ्यांच्या मागे लागू नका, ते पुढे बघू. आत्ता एवढंच करा.

१. पंचमहाभूतं बाजूला ठेवा. चिनी पंचतत्त्वांत वायू नाही, आकाशही नाही. लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी आहेत. 'शिंग' म्हणजे मुळात चालणं, म्हणजे हे पदार्थ कमी आणि हालचाली जास्त. मी वात-पित्त-कफाशी जोड्या लावत बसलो होतो. नंतर सगळं पुसून पुन्हा शिकावं लागलं.

२. वर्तुळावर याच क्रमाने पाच ठिपके काढा. कडेकडेने जाल ते पोषण: लाकडाने अग्नी पेटतो, राखेची माती होते, मातीत धातू सापडतो, थंड धातूवर पाणी साचतं, पाण्यावर झाड वाढतं. आता एकेक ठिपका सोडून रेघा मारा. चांदणी तयार होईल, ते नियंत्रण: मुळं माती धरतात, बांध पाणी अडवतो, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, कुऱ्हाड झाड तोडते. चांदणी विसरली की समतोल कळतच नाही. नवखे हमखास इथेच चुकतात.

३. यकृत लाकडाचं, प्लीहा पृथ्वीची, ही अवयवांपेक्षा कामांची नावं आहेत. चिनी वैद्यकातली प्लीहा पचन सांभाळते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ती शोधू नका.

आणि हो, 'माझा अग्नी वाढलाय' असं स्वतःच ठरवून चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. चांदणी पाठ झाली की ऋतूंकडे वळू.