शुक्राचा दिवस २४३ दिवसांचा की ११७?

लेकीच्या पुस्तकात शुक्राचा दिवस २४३ दिवसांचा दिलाय, क्लासच्या नोट्समध्ये ११७, चूक कोणाची, असं विचारलंत. दोन्ही आकडे बरोबर आहेत. २४३ हा ताऱ्यांच्या हिशेबाने स्वतःभोवतीचा एक फेरा. ११७ म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ.

हा फरक पृथ्वीवरही आहे, गच्चीतून दिसतो. एका फेब्रुवारीत मी गिरगावात आमच्या गच्चीच्या कठड्यावर खडूने खूण करून रोज तिथेच हनुवटी टेकवली. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड व्याध हा तारा पहिल्या रात्री ९:२० ला गेला, दुसऱ्या रात्री ९:१६ ला, आठवड्याने ८:५२ ला. (शेजाऱ्यांना वाटलं, मी त्यांच्या खिडक्यांत बघतोय.) पृथ्वीचा खरा फेरा २३ तास ५६ मिनिटांचाच. तेवढ्यात ती सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. वर्षात दिवस ३६५, पण फेरे ३६६.

शुक्र उलटा फिरतो, सूर्य पश्चिमेला उगवतो. त्यामुळे तिथे हे सरकणं वेळ वाढवण्याऐवजी कापतं, आणि २४३ चे ११७ होतात. वर्ष २२५ दिवसांचं. तेव्हा 'शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा' हे क्विझवाल्यांचं लाडकं वाक्य मला अर्धवटच वाटतं. सूर्य बघत बसलात तर वर्षात जवळजवळ दोन दिवस होतात. त्या कोड्याला बुध शोभतो: फेरा सुमारे ५९ दिवसांचा, वर्ष ८८ चं, पण सूर्योदय ते सूर्योदय १७६ दिवस. म्हणजे एका दिवसात दोन वाढदिवस! गुरूला हा प्रश्नच नाही, दहा तासांत गरकन फिरतो आणि सूर्याभोवती जायला बारा वर्षं घेतो.

आपलं घड्याळ तरी कुठे मुंबईच्या सूर्याचं आहे? १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मुंबई ७२.८ वर, म्हणजे ३९ मिनिटं मागे. जुना 'बॉम्बे टाइम' तेवढाच मागे असायचा.

लेकीला करून बघायचं असेल तर १५ मेच्या सुमारास गच्चीत उन्हात तांब्या ठेवा. त्या दिवसांत सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर येतो. तांब्याची सावली पायाखाली जाईल, पण बाराला नाही, १२:३५ च्या आसपास.