वाचक विचारतात: वाणिज्यच्या विद्यार्थ्याला सायंटिफिक कॅल्क्युलेटर कशाला?

प्रश्न: वाणिज्य शाखेत साइन, कॉस लागत नाहीत. मग सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन उपयोग काय?

उत्तर: साइन-कॉसच्या कळांना तुम्ही हातही लावणार नाही. तुमच्या कामाचे आहेत घातांक, कंस, लॉग आणि संख्याशास्त्राचा मोड.

घसाऱ्याचे उदाहरण घ्या. यंत्राची किंमत १,००,०००, चार वर्षांनंतरची भंगार किंमत ४०,९६०. घटत्या शिल्लक पद्धतीने (दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा) दर किती? ४०,९६० ÷ १,००,००० = ०.४०९६. त्याचे चौथे मूळ ०.८; १ − ०.८ = ०.२, म्हणजे दर २० टक्के. साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाची कळ दोनदा दाबून हे जमते. वर्षे पाच असली की अडते. सायंटिफिकवर ०.४०९६, घातांकाची कळ, मग कंसात १÷४. एका ओळीत लिहिणाऱ्या मॉडेलवर कंस राहिला, तर यंत्र आधी पहिला घात काढते आणि मग ४ ने भागते. उत्तर ०.१०२४ येते आणि दर निघतो ८९.७६ टक्के! घातांक वरच्या छोट्या चौकटीत जातो त्या मॉडेलवर कंस लागत नाही. तिथे बाणाची कळ दाबून चौकटीबाहेर यायला विसरू नका, नाहीतर पुढची वजाबाकीही घातांकातच जाऊन बसते.

लॉगचा उपयोग मुदत काढायला. ८ टक्के चक्रवाढीने मुद्दल दुप्पट कधी? लॉग २ भागिले लॉग १.०८, म्हणजे ९ वर्षांहून किंचित जास्त.

प्रश्न: ५०० वर १८ टक्के कर लावला तर माझ्या यंत्रावर ५००.१८ येते. यंत्र बिघडले का?

उत्तर: नाही. अनेक सायंटिफिक मॉडेलवर टक्क्याची कळ आकड्याला फक्त १०० ने भागते, म्हणून ५०० मध्ये ०.१८ मिळवले गेले. ५०० × १.१८ करा, ५९० येईल. टक्क्याची कळ प्रत्येक यंत्रावर वेगळी वागते; ती विसरलेलीच बरी.

प्रश्न: प्रमाण विचलनाचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही.

उत्तर: बहुतेक वेळा चुकीचे विचलन उचललेले असते. यंत्र दोन देते: एकात n ने (आकडे किती आहेत त्या संख्येने) भागतात, दुसऱ्यात n−१ ने. १२, १५, १८, ११, १४ यांचा मध्य १४, फरकांच्या वर्गांची बेरीज ३०. पाचने भागून वर्गमूळ घेतले तर २.४४९, चारने भागून घेतले तर २.७३९. गणितात संपूर्ण समूह दिला आहे की नमुना, ते आधी वाचा. काही मॉडेलवर मागच्या गणिताचे आकडे मोडमध्ये तसेच राहतात. म्हणून उत्तर काढण्याआधी n किती दिसतो ते पाहा.

प्रश्न: व्याजाच्या गणितात शेवटी हजाराचा फरक पडतो. पायऱ्या तर बरोबर आहेत.

उत्तर: मधला दर कागदावर छाटून पुन्हा टाइप केलात. वार्षिक १० टक्के, मासिक चक्रवाढ, १० वर्षे, मुद्दल १,००,०००. १०÷१२००, अधिक १, त्याचा १२० वा घात, असे सलग केले तर रास २,७०,७०४. मासिक दर ०.००८३ धरला तर २,६९,६३२. मधले उत्तर एएनएस कळीने (ती मागचे उत्तर परत आणते) किंवा मेमरीतून पुढे न्या, हाताने नको.

प्रश्न: मग साधा कॅल्क्युलेटर ठेवायचा की नाही?

उत्तर: ठेवायचा. खतावणीच्या लांब बेरजा आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) यांसाठी मोठ्या कळांचा, १२ अंकी, दुहेरी शून्य आणि जीटी (उत्तरांची एकूण बेरीज देणारी) कळ असलेला साधाच बरा. सीएफएसारख्या (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) परीक्षेला मात्र दोन्ही चालत नाहीत. तिथे टीआय बीए टू प्लस किंवा एचपी १२सी हे वित्तीय कॅल्क्युलेटरच लागतात.

प्रश्न: वित्तीय कॅल्क्युलेटर नाही. निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या आवकेची आजची किंमत वजा गुंतवणूक) लवकर कसे काढावे?

उत्तर: शेवटच्या वर्षापासून मागे या. गुंतवणूक १०००, तीन वर्षांची आवक ४००, ५००, ६००, दर १० टक्के. ६०० ÷ १.१, अधिक ५००, बरोबर, ÷ १.१, अधिक ४००, बरोबर, ÷ १.१, वजा १०००. उत्तर २२७.६५. घातांक नाही, मेमरी नाही, मधे कागदावर काही उतरवणे नाही. मधल्या एखाद्या वर्षी आवकच नसेल तर ० मिळवा, पण त्या वर्षाचा भागाकार गाळू नका.