तीनशे ओहमचा हट्ट

प्रश्न : सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन मी एकाकडून वापरलेला विकत घेतला. लॅपटॉपला हेडफोन जोडायचा बोटाएवढा यूएसबी डोंगल लावून ऐकतो. आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी हळू मुद्रित झालेल्या जुन्या गाण्यांत मन भरत नाही. फिओ, टॉपिंग, एसएमएसएल या चिनी कंपन्यांचे स्वस्तातले ॲम्प (हेडफोनला जोर देणारे ॲम्प्लिफायर) पाहून ठेवलेत. एकावर १००० मिलिवॅट लिहिलंय, दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट. मोठा भाऊ म्हणतो, चिनी डबीवर पैसे घालण्यापेक्षा हेडफोनच बदल. काय करू?

उत्तर : हेडफोन अजिबात बदलू नका. दुखणं डोंगलचं आहे.

तुमचा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे विजेला होणारा त्याचा विरोध (इम्पिडन्स) मोठा. त्याला करंट थोडा लागतो, पण व्होल्ट भरपूर लागतात. कंपनीच्या आकड्यानुसार एक व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो, आणि असले डोंगल साधारण एका व्होल्टापाशीच दमतात. ९७ ऐकायला मोठा आकडा वाटेल. पण तो ध्वनिमुद्रणातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाचा. बाकीचं गाणं त्याच्या कितीतरी खाली चाललेलं असतं.

मी हिशेब ११० डेसिबलचा धरतो. तेवढ्या आवाजात ऐकत बसायचं नाही, कान जातील. एखाद्या क्षणी तबल्याची थाप खाडकन आली तर ती चेपली जाऊ नये एवढ्यासाठी. ९७ वरून ११० ला जायला १३ डेसिबल लागतात, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास. ३०० ओहमवर त्याची पॉवर होते जेमतेम ६७ मिलिवॅट.

मग खोक्यावरचे ते १००० कशाला? तो आकडा बहुतेक वेळा ३२ ओहमवरचा असतो. ३२ ओहमवर १००० मिलिवॅट म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट तुमच्या ३०० ओहमवर पडले की हाती येतात १०७ मिलिवॅट. तुमचं काम भागलं! दुप्पटवाल्याने फार तर ३ डेसिबल जास्त मिळतील, त्यासाठी जादा पैसे मी मोजणार नाही. तपशिलाच्या तक्त्यात ३०० ओहमपुढचा आकडा शोधा, तो दिलाच नसेल तर वरच्यासारखा गुणाकार-भागाकार करा.

आता भाऊसाहेबांचा मुद्दा. २०११ साली स्वतःचं नाव कधीच न सांगणाऱ्या एका अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाच्या हेडफोन ॲम्पचा आख्खा आराखडा मोजमापांसकट जगासाठी खुला केला. साधे, सहज मिळणारे भाग वापरून कानाला दोष सापडणार नाही असा ॲम्प करता येतो, हे त्यातून दिसलं. त्यात गुपित काही उरलं नाही. उरलं ते नीट आणि स्वस्तात बनवणं. ग्वांगझूची फिओ कंपनी २००७ पासून हेच करत आली आहे. तेव्हा ‘चिनी आहे’ एवढ्यावरून वस्तू चांगलीही ठरत नाही आणि वाईटही.

मात्र एक आकडा जरूर बघा : आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पच्या बाहेरच्या टोकाचा स्वतःचा विरोध. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. स्वस्त ॲम्पमध्ये टीपीए ६१२० नावाची एक लोकप्रिय चिप असते, तिच्यापुढे साधारण १० ओहमचा रेझिस्टर जोडतात. तुमच्या ३०० ओहमला तो जाणवणारही नाही. पण उद्या त्याच ॲम्पला कानात घालायचे १६ ओहमचे इअरफोन लावलेत तर आवाजाचा पोत बदलेल, आणि तुम्ही बिचाऱ्या इअरफोनला नावं ठेवाल.

बॅलन्स्ड जोडणीच्या (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवून जास्त व्होल्ट देणाऱ्या) मोहात पडू नका. तुमच्या हेडफोनला त्यासाठी वेगळी केबल घ्यावी लागेल, आणि जे व्होल्ट त्यातून वाढतात ते साध्या पिनेवरही पुरेसे मिळताहेत.

दुकानदार डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत करणारा भाग) आणि ॲम्प एकत्र असलेली डबी दाखवेल. मी असतो तर नुसता ॲम्प घेतला असता. तुमचा डोंगल हाच तुमचा डॅक. त्याचा आवाज पूर्ण ठेवायचा, एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला आरसीएच्या दोन पिना असलेली केबल ॲम्पच्या मागे लावायची आणि कमी-जास्त करायचं ते ॲम्पच्या नॉबने. गेन (ॲम्प आवाज किती पट वाढवतो ते ठरवणारं बटण) आधी ‘लो’वर ठेवून पाहा. वाचलेल्या पैशांतून हेडफोनच्या गाद्या बदला. वापरलेला हेडफोन म्हणता, म्हणजे त्या चपट्या झाल्या असणारच. आणि गादी बसली की आवाजात पडणारा फरक ॲम्पच्या फरकाहून मोठा असतो.

ॲम्प आणलात की त्याच्या ॲडॅप्टरवर मात्र पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. काही ॲम्पना १५ व्होल्ट एसी लागतो, आणि त्यांची पिन घरातल्या इतर डीसी वस्तूंत अगदी फिट्ट बसते. माझ्या ॲम्पचा ॲडॅप्टर मी टेबलाखाली चाचपडत हार्डडिस्कच्या डबीला लावला होता. आधी वास आला, मग डिस्क गेली. ॲम्प आजही ठणठणीत आहे.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की माझ्या ॲम्पमधून बारीक गुणगुण येते. ॲम्प खराब आहे का?

उत्तर : चार्जर काढल्यावर ती थांबते का? थांबत असेल तर ॲम्प निर्दोष आहे. चार्जरच्या वाटेने ग्राउंडचा फेरा तयार होतोय, म्हणजे अर्थिंगच्या तारांतून नको असलेली वीज फिरतेय. दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. लॅपटॉपला आणि डॅकला ऑप्टिकलची सोय असेल तर ती वापरा. त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे फेरा तुटतो. ती सोय नसेल तर ॲम्पच्या आधी आवाजाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी तोडून आवाज तेवढा पुढे देणारा) जोडता येतो. आणि हो, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुणगुण कदाचित थांबेलही, पण शॉक लागायचा धोका तुमच्या वाट्याला येईल.