कार्नार्वनला केळीच्या बागेवर नोकरी, यावं का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की रावेरला घरची केळी आहे, ॲग्रीची डिग्री आहे, मिसेस नर्स आहेत आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कार्नार्वनला बागेवर सुपरवायझरचं काम मिळतंय, तर यावं का. मी तिथे राहून आता पर्थला आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतर बघा. पर्थपासून वर ९०० किमी, आणि मधलं एकमेव मोठं गाव जेराल्टन, तेही कार्नार्वनपासून पावणेपाचशे किमी लांब. शायरची, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची हद्द एवढी की सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर चारही जिल्हे बसून वर जागा उरेल, आणि माणसं किती तर पाच हजारांच्या आसपास! सिरियस पेशंटला फ्लाइंग डॉक्टरच्या विमानानं पर्थला नेतात.

उन्हाचं टेन्शन घेऊ नका, जळगावच्या मे महिन्यापुढे ते काहीच नाही. खरा त्रास वाऱ्याचा, दुपारनंतर दक्षिणेकडून जो सुटतो तो थांबतच नाही, केळीच्या पानांच्या पार चिंध्या होतात. पाऊस वर्षाला जेमतेम सव्वादोनशे मिमी. गॅस्कॉइन नदी बहुतेक वेळ वरून ठणठणीत कोरडी, पाणी खाली वाळूत, तिथून उपसा करून काठाकाठानं बागा उभ्या आहेत आणि त्या उपशालाही लायसन्स लागतं. केळी आपल्यापेक्षा लहान पण गोड, ‘स्वीटर बनाना’ नावाची शेतकऱ्यांची को-ऑप आहे ती पर्थला विकते. हिवाळ्यात टोमॅटो, सिमला मिरचीही पर्थला जाते. पण २०१० च्या डिसेंबरात पूर आला आणि मळ्यांतली वरची माती धुऊन गेली, मग २०१५ च्या मार्चमध्ये ओल्विन चक्रीवादळात केळी सगळी आडवी. असं झालं की पगारी माणसाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तोडणी-पॅकिंगला बॅकपॅकर्स आणि पॅसिफिक बेटांवरची माणसं सीझनपुरती येतात, त्यामुळे कायमच्या पोस्ट मुळात कमी.

बाकी धंदे म्हणजे शार्क बेची कोळंबी (ट्रॉलर, सीझनचंच काम), लेक मॅक्लाउडचं मीठ जे केप क्युव्हिएरहून जहाजात भरतात, आतल्या भागात शेळ्या-मेंढ्या-गुरांची स्टेशनं (म्हणजे अफाट मोठी कुरणं) आणि कोरल बेचं टुरिझम.

म्हणून माझं स्पष्ट मत, तुमच्या केळीच्या अनुभवावर नाही तर वहिनींच्या नर्सिंगवर प्लॅन करा. एनक्लेक्स (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि नंतर ऑस्की (प्रॅक्टिकल परीक्षा) पास होऊन नर्स म्हणून रजिस्ट्रेशन मिळालं की अशा आडगावी हॉस्पिटलांना नर्स हव्याच असतात, आणि तो पगार वादळावर अवलंबून नसतो. ४९१ व्हिसाचा, म्हणजे ‘रीजनल’ भागात राहून काम करायच्या तात्पुरत्या स्किल्ड व्हिसाचा विचार असेल तर त्याला पर्थसुद्धा रीजनलच धरतात, म्हणजे व्हिसापायी कार्नार्वनलाच यायला पाहिजे असं अजिबात नाही, एजंट उलटं सांगत असेल तर एजंट बदला. आणि मालकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या, घर कोण देणार आणि बाग पडली तर पगार चालू राहणार का. गोलमोल उत्तर आलं तर सरळ नाही म्हणा.