सांगलीत २४ हजारांत दोन लहान मुलांचं घर कसं चालवायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात येणारे २४ हजार, थोरली चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, नुकतेच कऱ्हाडहून सांगलीला आलाय, आणि एवढं जपून वागूनही २० तारखेनंतर हातात काही राहत नाही. आता आणखी कुठं हात आखडायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी इथं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. घरात आई, बायको, दुसरीतली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. माझा पगार साडेबावीस हजार. बायको शिवणकाम करते, त्याचे तीन-चार हजार येतात. म्हणजे आपण एकाच नावेत आहोत. तुमच्या रोजच्या खर्चात आखडायला आता फारसं काही उरलेलं नसणार. आमच्याही नव्हतं. आमची चूक दुसरीकडं होती, आणि ती सापडायला मला चार वर्षं लागली.

आम्ही घर महिन्यावर चालवत होतो. १ तारखेला पगार, ३० ला शून्य. खरं तर दुकानात मी रोज किर्द लिहितो आणि आमच्या धंद्यात महिन्याला काही अर्थच नसतो. हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत जोर धरते, उन्हाळाभर सौदे चालतात, पावसाळ्यात यार्ड थंड पडतं. त्या चार-पाच महिन्यांच्या कमाईवर मालक वर्ष काढतो. हे रोज डोळ्यांसमोर असून घरी मात्र मी कधी वर्ष मांडून बघितलं नाही.

एका दिवाळीला पाडव्याचं वहीपूजन उरकून घरी आलो आणि मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर बायकोबरोबर बसून मागच्या वर्षातले फक्त असे खर्च लिहिले, जे वर्षातून एकदा-दोनदाच येतात. शाळेचे बूट, दप्तर, वह्या, रेनकोट मिळून ६ हजार. वर्षाचं धान्य आणि चटणी १७ हजार. गौरी-गणपती आणि दिवाळी ११ हजार. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४ हजार. पावसाळ्यातली आजारपणं ५ हजार. गावची जत्रा, लग्नाकार्यातले आहेर ५ हजार. बेरीज ४८ हजार झाली. बायको म्हणाली, बाराने भागा. महिन्याला ४ हजार.

हे ४ हजार आमच्या महिन्याच्या हिशोबात कुठंच नव्हते. दरवेळी आम्ही म्हणायचो, 'या महिन्यात अचानक खर्च निघाला.' जून दरवर्षी येतो, त्यात अचानक काय? पण पैसे बाजूला नसल्यामुळं मी जूनमध्ये दुकानातून ६ हजारांची उचल घ्यायचो. ती जुलैपासून दरमहा दीड हजारानं पगारातून कापली जायची, ऑक्टोबरला फिटायची, तोवर दिवाळी दारात. मग पुन्हा उचल. तीन वर्षं हाच रहाटगाडा. २० तारखेनंतर हात रिकामा का, त्याचं उत्तर त्या कापल्या जाणाऱ्या दीड हजारात होतं आणि आम्ही मात्र मुलांच्या बिस्किटपुड्यात ते शोधत होतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. आज रात्री मुलं झोपली की दोघांनी बसा आणि वर्षाची यादी करा. आकडा बघून घाबरू नका. पहिल्या वर्षी आम्हालाही ४ हजार बाजूला टाकता आले नाहीत, दीड हजारच जमले. ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकले, महिनाअखेरीस उरतील तेव्हा टाकू म्हणून थांबलो नाही. बायकोची गल्लीतल्या बायकांबरोबर भिशी आहे, तिनं आपला नंबर मे महिन्यात मागून घेतला. त्या वर्षी जूनची उचल घ्यावी लागली नाही. पुढचं मग आपोआप सोपं झालं, कारण जुलैचा पगार पहिल्यांदाच पूर्ण हातात आला.

दुसरी गोष्ट बेगमीची, म्हणजे वर्षाचा साठा एकदाच भरून ठेवण्याची. तुम्ही कऱ्हाडकडच्या, म्हणजे हे तुमच्या घरीही होत असणार, पण नोकरीच्या गावी आलं की माणसं दर आठवड्याला दोन-दोन किलो आणायला लागतात. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, जतकडचा, मंगळवेढ्याकडचा. तेव्हाच घ्या. आम्हाला मोठी माणसं तीन आणि पोरं दोन मिळून १२० किलो शाळू, १०० किलो गहू, २० किलो तूरडाळ आणि १५ किलो शेंगदाणे वर्षाला पुरतात. उन्हात चांगलं वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात भरायचं. चटणी एप्रिलमध्ये: रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, सोबत कांदा-लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ आणि घरचा गरम मसाला, आणि कांडपाला नेऊन कुटून आणायची. हळकुंडं यार्डातून घेऊन दळून आणा, सांगलीत राहून पाकिटातली हळद कशाला? बेगमी भरायला लागल्यापासून आमचं महिन्याचं किराण्याचं बिल साडेसात हजारांवरून पाच हजारांच्या आत आलं. सगळं पहिल्याच वर्षी जमणार नाही. चटणी आणि शाळू, एवढ्या दोनच गोष्टींनी सुरुवात करा.

पण बेगमी ठेवायची कुठं, हे सांगलीत आधी विचारायचं. हे मी कळकळीनं लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मारुती चौकाजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मुलगी वर्षाची होती. तिला खांद्यावर घेऊन, आईला हाताला धरून आम्ही मिरजेला बहिणीकडं गेलो. दहा दिवसांनी परत आलो तेव्हा शाळूच्या पिंपात चिखल होता आणि गव्हाला मोड येऊन ते कुजले होते. आई दारातच बसली. ती हरिपूरची. तिच्या माहेरी जमिनीखालच्या पेवात हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरून किती तरी पेवं कायमची गेली. तिनं दोन्ही पूर बघितले.

त्यानंतर आम्ही कुपवाड रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं. भाडं ७०० रुपयांनी जास्त आहे. तुम्ही सध्या कुठं राहताय ते लिहिलेलं नाही, पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा भागात स्वस्त खोली मिळाली असेल, तर २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. लहान मुलं घरात असताना भाड्यात ही बचत करू नका. जुलैपासून धान्य माळ्यावर, आणि जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, पासबुकं एका प्लास्टिकच्या पिशवीत, दाराशी.

आता मुलांचं खाणं. दुधात आणि अंड्यात मी कधी काटकसर केली नाही आणि तुम्हीही करू नका. बाकी पौष्टिक म्हणून जे डबाबंद मिळतं, त्यातलं काहीही लागत नाही. माझ्या आईनं दोन्ही नातवंडांना सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचा मऊ भात, त्यावर तूप, असं सुरू केलं. आता धाकटा हुलग्याचं माडगं वाटी तोंडाला लावून पितो. गूळ-शेंगदाणे, शेंगांची चटणी-भाकरी, हंगामात द्राक्षं, आणि तासगावकडचा बेदाणा, तोही नावाजलेल्या दुकानातला सुबक मण्यांचा नको, थोडा बारीक, रंगाला डावा असलेला घ्या. चवीला तोच, भावात बराच फरक. माझ्या थोरलीला शाळेच्या डब्यात मूठभर देतो.

तुमचा धाकटा दीड वर्षाचा आहे, म्हणजे अंगणवाडीतून त्याला घरी न्यायचा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तो असतोच. थोरली चार वर्षांची, तिला तिथं बसून गरम खाणं मिळेल. 'अंगणवाडी आपल्यासाठी नसते' असं आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या, पण मुलांचं वजन दर महिन्याला घेऊन कागदावर मांडून दाखवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. माझ्या मुलाचं वजन दोन महिने वाढलं नव्हतं, हे सेविकाताईंनीच आधी ओळखलं.

लसीही नागरी आरोग्य केंद्रातच द्या, फुकट असतात आणि सरकारी वेळापत्रकात आता रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला हे सगळं आहे. धाकट्याचा १६ ते २४ महिन्यांमधला टप्पा आत्ता चालू आहे: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा डोस. कार्ड काढून बघा, जागा बदलताना हा टप्पा हमखास राहतो.

पावसाळ्यातले जुलाब हा आमचा मोठा खर्च होता. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताईंनी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, पैसे पडले नाहीत. मोठी पुडी असते, ती अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची, अर्ध्या पेल्यात चिमूटभर असं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. झिंक १४ दिवस पूर्ण, जुलाब थांबले तरी. मात्र मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचातून रक्त दिसलं, तर पैशाचा विचार मनात न आणता लगेच दवाखाना गाठा. वर्षाच्या यादीतले ते ५ हजार त्यासाठीच आहेत.

शाळेबद्दल थोडक्यात: माझी थोरली महापालिकेच्या शाळेत आहे. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत, बाई मनापासून शिकवतात. मुलीला सुकन्या समृद्धी काढा, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं आणि मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण तुम्हाला लहान मुलगी आहे म्हणून लिहितो. माझी थोरली पहिलीत असताना तिची चप्पल काढली तेव्हा टाचेला फोड दिसला. शाळेचे बूट तिला दोन महिन्यांपासून लहान होत होते. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, 'तुम्ही म्हणाला होता ना, पैसे नाहीत.' सहा वर्षांचं पोर पाय आखडून शाळेत जात होतं, कारण आम्ही दोघं जेवताना रोज तेच बोलत होतो. त्या रात्री मला घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी उधारीवर बूट आणले.

तेव्हापासून घरात पोरांसमोर 'पैसे नाहीत' म्हणायचं बंद केलं. ती यादीची वही आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. मुलगी काही मागते तेव्हा आम्ही म्हणतो, लिही, कुठल्या महिन्यात टाकू या? जूनच्या पानावर तिनं स्वतः 'नवा रेनकोट, दादूला पण' असं लिहिलंय, दादू म्हणजे आमचा धाकटा. सायकल तिनं आधी ऑक्टोबरात लिहिली होती, मग दिवाळीची बेरीज बघून स्वतःच खोडली आणि एप्रिलात टाकली. जुनीच घेऊ, पण एप्रिलात घेऊ, असं मी तिला वचन दिलंय. मात्र जे पायाला लागतं, पोटाला लागतं, दुखतं-खुपतं, ते वहीत लिहायचं नाही, लगेच सांगायचं, हे तिच्याकडून पाठ करून घेतलंय.

आठवडी बाजारात तिला २० रुपये वेगळे देतो. ते तिचे. कधी बोरं घेते, कधी उसाचं कांडं, एकदा तर आजीसाठी पानं आणली. रविवारी भडंगाचा पुडा बांधून हरिपूरला संगमावर जातो. कृष्णेला वारणा मिळते तिथं दोघं दगड मारत बसतात. जाण्यायेण्याच्या पेट्रोलशिवाय काही लागत नाही आणि आठवडाभर धाकटा 'नदी, नदी' करत असतो.

तुमच्या वर्षाच्या यादीचा आकडा किती येतो ते इथं लिहा. कुठल्या महिन्यात अडतंय ते बघून आणखी सांगतो. तोवर अंगणवाडीत दोघांची नावं घालून या, जन्मदाखले आणि आधार सोबत न्या.