कॅलिफोर्नियातली बदकांची शिकार: बंदुकीआधी दुर्बीण

तुम्ही विचारलंय एक, पण त्यात प्रश्न तीन आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर सॅक्रामेंटोला आलात, ऑफिसातल्या सहकाऱ्याने नोव्हेंबरात त्याच्या भातशेतीतल्या डक क्लबवर, म्हणजे शिकाऱ्यांनी मिळून राखलेल्या जागेवर, शिकारीला बोलावलंय. भिगवणला दुर्बीण घेऊन हिंडलेल्या माणसाने जावं का, गेलं तर नियम काय, आणि मारून संवर्धन कसं होतं, असं तुमचं म्हणणं. शिवाय घरून 'ज्यांना बघायला पहाटे चारला उठायचात त्यांनाच मारणार?' असा आहेर मिळालाय. मी इथे बरीच वर्षं बदकांची शिकार करतो आणि तेवढीच वर्षं पक्षी बघतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी व्हिसाचं बघा, कारण तिथेच सगळं अडू शकतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याने मुळात मना आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. मित्राची बंदूक 'जरा धरून बघू' म्हणून हातात घेणंही बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. शिवाय बंदूक उसनी देण्याघेण्याचे कॅलिफोर्नियाचे स्वतःचे नियम कडक आहेत. म्हणून परवाना हातात येईपर्यंत आणि इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून होईपर्यंत बंदुकीला हात लावू नका. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो कंटाळवाणा वाटेल, पण मनापासून करा.

नुसतं बघायला जाणार असाल तर एक सापळा सांगून ठेवतो. दिवसाची मर्यादा माणशी असते. सहकाऱ्याने आपली सात बदकं पाडली आणि 'तुझ्या नावावर अजून सात' म्हणून बार चालू ठेवले, तर तो फेडरल गुन्हा आहे आणि त्यात तुमचं नाव आलेलं तुम्हाला परवडणार नाही. असं बोलणारे लोक स्वभावाने वाईट नसतात, उलट पाहुणचार म्हणूनच करतात. तोंडावर नाही म्हणा.

कागदपत्रं चार: राज्याचा शिकार परवाना, राज्याचं डक व्हॅलिडेशन (बदकांसाठीची जादा परवानगी), एचआयपीची नोंदणी (स्थलांतरी पक्षी मारणाऱ्यांची यादी) आणि फेडरल डक स्टॅम्प (केंद्र सरकारचं शिकारीचं तिकीट). एचआयपीत गेल्या मोसमात काय मारलं ते विचारतात. लोक तिथे काहीबाही ठोकून देतात, पण देशभरात एकूण किती पक्षी मारले गेले याचा अंदाज त्याच याद्यांवरून निवडलेल्या शिकाऱ्यांना विचारून बांधला जातो, तेव्हा खरं सांगा. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला डक स्टॅम्प लागतो. कागदी स्टॅम्प घेतलात तर त्यावर शाईने आडवी सही करायची. सही नसलेला स्टॅम्प खिशात असून नसल्यासारखा. २०२३ च्या डिसेंबरात झालेल्या कायद्यामुळे आता फोनवरचा ई-स्टॅम्पही पूर्ण मोसम चालतो.

आता मुख्य गोष्ट. लोक बंदुकीचं, कपड्यांचं, डिकॉयचं (पाण्यात ठेवायच्या नकली बदकांचं) विचारतात. कायदा विचारतो की समोरून येणारा पक्षी कुठला, नर की मादी, आणि हे तुम्हाला चाप ओढायच्या आधी कळलं होतं का. पॅसिफिक फ्लायवेत, म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडच्या स्थलांतराच्या पट्ट्यात, दिवसाला सात बदकं, पण त्या सातांत मॅलार्डच्या माद्या दोनच चालतात, कॅनव्हासबॅक दोन, रेडहेड दोन. पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, कित्येक वर्षं दिवसाला एकच होतं. २०२५-२६ च्या मोसमात ते तीन केलं. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे त्या वर्षीचं पत्रक वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

बार टाकायला परवानगी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत. या पहिल्या अर्ध्या तासातच सगळा घोळ होतो. आकाश राखाडी, धुकं, आणि दहा-बारा बदकं सरळ अंगावर येतात. रंग दिसतच नाही, दिसतो तो फक्त आकार. लांब सडपातळ मान आणि टोकदार शेपूट म्हणजे तलवार बदक. पण मादीची शेपूट आखूड, तेव्हा मान बघायची. डोक्यापेक्षा चोच मोठी वाटली की थापट्या. (इथले शिकारी त्याला 'स्पूनी' म्हणतात आणि चवीवरून नाक मुरडतात. मला चालतो.) पंखाच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन चमकला तर गॅडवॉल. निळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ असेल तर मॅलार्ड. हे तुम्ही उजनीच्या फुगवट्यावर शिकलेले आहात: तलवार, थापट्या, गॅडवॉल या तिन्ही जाती तिथेही हिवाळ्याला येतात आणि इथेही. फक्त तिथले पक्षी मध्य आशिया-सायबेरियाकडून उतरतात आणि इथले अलास्का-कॅनडाकडून.

तरी फाजील आत्मविश्वास नको. ऑक्टोबरात मोसम उघडतो तेव्हा बऱ्याच नरांची जुनी पिसं झडून नवी पूर्ण आलेली नसतात, ते माद्यांसारखेच तपकिरी दिसतात. शिवाय भाताच्या खाचरांत आयबिसचे (आपल्या शराटीसारख्या बाकदार चोचीच्या पक्ष्यांचे) थवे असतात, आणि अंधुक उजेडात नवशिक्याला तेही बदकंच वाटतात. त्यांच्यावर बार टाकणं सरळ गुन्हा. ओळख पटली नाही तर बंदूक खाली. मी पहिल्या अर्ध्या तासात बहुतेकदा चहाच पितो.

बंदुकीबद्दल थोडक्यात: शॉटगनच, दहा गेजपेक्षा (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) मोठी नाही, आणि नळी-मॅगझिनमध्ये असा प्लग बसवलेला हवा की एकूण तीनच काडतुसं मावतील. छर्रे शिशाचे अजिबात चालत नाहीत, पोलादाचे किंवा बिस्मथसारखे बिनविषारी हवेत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात. चिखलात पडलेला छर्रा त्यांना खडाच वाटतो. तो पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत झिजतो, शिसं रक्तात उतरतं, मान लोंबते, पंख गळतात, पक्षी झुरून मरतो, आणि त्याला खाणारा गरुडही विषारी होतो. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून लांबवर त्याचा जोर उरत नाही. चाळीस यार्डांपलीकडे बार टाकणारा माणूस बदक मारत नाही, नुसतं जायबंदी करतो. तुमचा सहकारी तसला निघाला तर पुढच्या खेपेला काहीतरी निमित्त सांगा.

आमिषाचा नियम जरा नीट समजून घ्या, कारण तुम्हाला भातशेतीतच बोलावलंय. दाणे टाकून बदकं बोलावणं बंद आहे. आणि दाणे पूर्ण उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर पुरत नाही: वाजवी चौकशी केली असती तर कळलं असतं, एवढं सिद्ध झालं तरी अडकता. उलट नेहमीच्या पद्धतीने कापणी करून, धसकटात जे दाणे सांडले त्यावर पाणी सोडलेलं खाचर चालतं. फरक काय तो पोहोचल्यावर बघा: सांडलेले दाणे कापणी यंत्राच्या वाटेने विरळ पसरलेले असतात. ब्लाइंडसमोर (शिकारी लपून बसतात त्या आडोशासमोर) एकाच जागी ढीग किंवा बांधावर ताजी गव्हाची रेघ दिसली तर गाडीत बसून घरी. जिवंत बदकं बांधून ठेवणं आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणंही बंद. तोंडाने फुंकायची शिट्टी मात्र चालते.

बार लागल्यावरचं काम जास्त किळसवाणं आहे, आणि ते जमणार नसेल तर शिकार तुमच्यासाठी नाही. पडलेला पक्षी शोधायचा मनापासून प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहे. गुडघाभर चिखलात, बोरूच्या जाळीत, गोठवणाऱ्या पाण्यात शोधावं लागतं. हातात आलेला पक्षी जिवंत असेल तर तो तिथल्या तिथे मारायचा, जिवंत नेता येत नाही. घरी पोहोचेपर्यंत डोकं किंवा एक पिसांसकट पंख अंगाला लागलेला ठेवायचा, म्हणजे वाटेत वॉर्डनने, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, थांबवलं तर जात ओळखता येते. बदकं दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायची तर चिठ्ठी लावायची: तुमची सही, पत्ता, जात, संख्या, मारल्याची तारीख. भेट देता येतं, विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी, हॉटेलांसाठी बदकं गाड्या भरभरून मारली जात. पुढे तो धंदाच कायद्याने मोडून काढला.

आता 'मारून संवर्धन' कसं. हा दावा इथले शिकारी जरा जास्तच छाती फुगवून करतात, पण त्यात तथ्य आहे. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरी पक्ष्यांचा करार झाला, १९१८ ला त्यावर कायदा आला. कुठल्याही जातीचा मोसम साडेतीन महिन्यांवर जाऊ शकत नाही, हे त्या करारातूनच आलं. आपल्या फ्लायवेतले १०७ दिवस ते हेच. १९३४ साली दुष्काळ आणि धुळीच्या वादळांत बदकं संपत आली तेव्हा डक स्टॅम्प निघाला. पहिल्याचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं, किंमत एक डॉलर. आज पंचवीस डॉलर. त्यातल्या डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमीन विकत घेण्यात किंवा तिचे हक्क घेण्यात जातात, आणि आजवर साठ लाख एकरांहून जास्त जागा अशी राखली गेली आहे. बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ पासून वन्यजीवांच्या कामाला जातो, तो वेगळा.

मर्यादेचे आकडेही कुणाच्या मनात आले म्हणून ठरत नाहीत. १९५५ पासून मे महिन्यात विमानं कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या माळरानावरून ठरलेल्या रेषांवर कमी उंचीवरून उडतात आणि बदकांबरोबर डबकीही मोजतात. डबकी भरलेली तर पिल्लं जास्त, डबकी आटलेली तर कमी. त्या आकड्यांवरून १९९५ पासून एका ठरलेल्या पद्धतीने मोसम मोकळा ठेवायचा की आवळायचा ते ठरतं.

२०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात १९७० नंतर उत्तर अमेरिकेत जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाल्याचं निघालं, पण बदकं-हंस मात्र ५६ टक्क्यांनी वाढलेले. शिकारी हा आकडा टी-शर्टवर छापायचे बाकी आहेत. माझ्या मते यावरून शिकार चांगली असं काही सिद्ध होत नाही. ज्या पक्ष्यांच्या पाण्यासाठी दरवर्षी न चुकता पैसे येत राहिले ते टिकले, एवढंच यातून दिसतं. माळरानाच्या पक्ष्यांसाठी कुणी स्टॅम्प काढला नाही आणि ते निम्म्याहून कमी झाले.

तलवार बदकाची मर्यादा तीन केली ते मला अजून पचलेलं नाही. त्याची संख्या दीर्घकाळच्या सरासरीपेक्षा बरीच कमीच आहे. शास्त्रज्ञांचं म्हणणं, अडचण बंदुकीत नाही, नांगरात आहे: हे बदक माळावरच्या धसकटात जमिनीवर घरटं करतं आणि वसंतातल्या नांगरटीत अंडी जातात. म्हणणं खरं असेलही. मी माझ्यापुरतं एकावरच थांबतो.

आणि भाताचं. सॅक्रामेंटो खोऱ्यात पूर्वी कापणीनंतर पेंढा जाळायचे, शरद ऋतूत दिवसच्या दिवस धूर. १९९१ च्या कायद्याने जाळणं टप्प्याटप्प्याने आवळलं. मग पेंढा कुजवायला शेतकरी हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडू लागले आणि बदकांना आयतं तळं मिळालं. कॅलिफोर्नियाच्या मूळच्या दलदलींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास नाहीशा झाल्यात, त्यामुळे हे उसनं पाणीच आता मोठा आधार आहे. तुमच्या सहकाऱ्याचा क्लब ज्या खाचरात आहे, तिथल्या पाण्यामागे शिकारीच्या भाड्याचाही हात असणार.

इथलं गणित भारतात लावायला मात्र जाऊ नका. १९३८ साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही सुरुवातीला परवान्यावर शिकारीची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि गेली ते बरंच झालं. मे महिन्यातली गणती, वॉर्डन, स्टॅम्पचा पैसा यातलं काही पाठीशी नसताना मोसम उघडणं म्हणजे सरळ कत्तल. सुट्टीत गावी कुणी 'एक बदक टाकू' म्हणालं तर तो तुरुंगाचा रस्ता आहे.

घरच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे तो कधी सुटला नाही, बदकाचा रस्सा मी अंगणात शेगडीवर करतो.

यंदा असं करा: स्टॅम्प तेवढा घ्या. शिकार न करणाऱ्यालाही तो मिळतो आणि प्रवेश शुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय रेफ्यूजवर (वन्यजीवांसाठी राखलेल्या जागेवर) तोच पास म्हणून चालतो. डिसेंबरात विलोजजवळच्या सॅक्रामेंटो रेफ्यूजवर दोघं जा. तिथे एका भागात बुधवार, शनिवार, रविवार शिकार चालते, आणि गाडीने फिरायचा रस्ता बंद भागातून जातो. गाडीतून फक्त नेमलेल्या थांब्यांवर उतरायचं, कारण पक्षी गाडीला घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात. पडलेलं पीस उचलून आणू नका, इथे बहुतेक रानपक्ष्यांची पिसं बाळगणंही बेकायदा आहे. मोसम जानेवारीअखेरपर्यंत असतो, तेव्हा सहकाऱ्याला उत्तर द्यायला भरपूर वेळ आहे.