ओटा कुणाच्या कोपराने मापायचा?

प्रश्न : ताई, घराचं काम काढलंय आणि मॉड्युलर किचन करून घ्यायचं ठरलंय. माझी उंची 152 सेंमी, यांची 178. स्वयंपाक बहुतेक मी करते, भांडी हे घासतात. सध्याच्या ओट्यावर माझे खांदे भरून येतात आणि यांची कंबर धरते. किचनवाले म्हणतात, 'स्टँडर्ड 86 सेंमी असतं, सगळे तेच करतात.' आम्ही काय करावं?

उत्तर : रंगांची पुस्तिका मिटून ठेवा आणि आधी मापपट्टी घ्या. घरात ज्या चपला घालता त्या पायांत घालून ताठ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. त्यातून 10 ते 15 सेंमी वजा केले की चिरण्या-कापण्याच्या ओट्याची उंची मिळते. तुमचं कोपर साधारण 96वर येईल, म्हणजे ओटा 81 ते 86च्या दरम्यान. तुमच्या मिस्टरांचं कोपर 112च्या आसपास येईल.

आता म्हणाल, 86 तर यात बसतं, मग खांदे का दुखतात? शेगडीमुळे. ओट्यावर ठेवलेली शेगडी 10 सेंमीच्या आसपास उंची खाते, त्यावर 15 सेंमीचं पातेलं. ढवळताना तुमचा हात 111 सेंमीवर असतो, कोपराच्याही वर. किचनवाले ओटा मोजतात, पातेल्याचं तोंड कुणी मोजत नाही. सिंकचं नेमकं उलट आहे. तिथे हात काम करतात ते सिंकच्या तळाशी, काठापासून 20 सेंमी खाली. म्हणून उंच माणूस वाकतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला सुरुवात केली तेव्हा एका घरी सरसकट 90 सेंमीचा ओटा करून दिला. सहा महिन्यांनी गेले तर शेगडीपुढे एक लाकडी फळी. घरातल्या आजी तिच्यावर चढून फोडणी देत होत्या आणि दर वेळी मीठ-मसाला घ्यायला उतरत होत्या. फळीची एक कड पायाने घासून गुळगुळीत झाली होती. त्या दिवसापासून स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं कोपर मोजल्याशिवाय मी कागदावर रेघ मारत नाही.

तेव्हा तुम्ही ओट्याच्या दोन उंच्या करा. चिरण्याची जागा आणि शेगडी एका पातळीवर, 84 सेंमी. शेगडी ओट्यात बसवलेली घ्या, म्हणजे वरची उंची वाचेल. सिंकची बाजू 92. या दोन उंच्यांमधली पायरी ओट्याच्या कोपऱ्यात येऊ द्या. शेगडी आणि चिरण्याची जागा यांच्यामध्ये ती कधीही नको, कारण गरम, जड भांडं उचलण्यापेक्षा सरकवणं सुरक्षित असतं. किचनवाले कुरकुरतील, पण हिशेब सोपा आहे : कपाटाचा खोका 72, दगड 2, उरलेलं खालच्या पायांनी भरून काढायचं. एकीकडे 10 सेंमीचे पाय, दुसरीकडे 18चे. पायांपुढची पट्टी मात्र 7-8 सेंमी आत घ्यायला सांगा. पावलं आत गेली नाहीत तर माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि पाठ वाकते.

बसून काम करायला एका ठिकाणी गुडघ्यांपुरती मोकळी जागा ठेवता आली तर ठेवाच. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी 1926 साली फ्रँकफर्टच्या घरांसाठी जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. एवढ्याशा जागेतही त्यांनी खिडकीपाशी बसून काम करायची सोय आणि फिरतं स्टूल दिलं होतं. आज मोठमोठ्या स्वयंपाकघरांत बसायला जागा नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : ओट्याखाली दारांची कपाटं स्वस्त पडतात. ट्रॉल्यांवर खर्च करावा का?

उत्तर : करावा, वरच्या कपाटांत बचत करा. दाराच्या कपाटात मागचं भांडं काढायचं तर गुडघ्यावर बसून पुढची चार बाहेर काढावी लागतात. ट्रॉली पूर्ण बाहेर येते आणि वरून सगळं दिसतं. 'पूर्ण बाहेर येते' हे दुकानात स्वतः ओढून बघा. काही चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, पाऊण भागच उघडतात, मग मागचा भाग पुन्हा अंधारात. चॅनेल किती किलो पेलतो तेही विचारा. जड भांड्यांच्या ट्रॉलीला 30 किलोच्या खालचा घेऊ नका.

सिंकखाली मात्र ट्रॉली नको, दारच बरं. आणि तिथे पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको, पाण्याला टिकणारा प्लायवूडच लावा. नळाच्या पाइपसाठी सुतार भोक पाडतो, त्याची कड उघडी राहते. थेंब थेंब पाणी तिथूनच आत शिरतं. मी अशी कपाटं उघडली आहेत : बाहेरून चकचकीत, आत भोकाभोवती बोर्ड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फुगलेला, बोट लावलं की भुसा. काम करणारा माणूस घरात असतानाच ती कड सिलिकोनने बंद करून घ्या.

प्रश्न : दारं चकचकीत गडद निळी हवी आहेत. चांगली दिसतील ना?

उत्तर : दिसतील, पण त्यावर बोटांचे ठसे उठून दिसतात. निळा आवडतोय तर निळाच घ्या, फक्त मॅट घ्या आणि वरची कपाटं फिकट ठेवा. गडद रंगाला उजेड जास्त लागतो. छताचा दिवा पाठीमागे येतो आणि तुमचीच सावली सुरीवर पडते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला दिव्यांची पट्टी लावा, भिंतीकडच्या कडेला नाही, पुढच्या कडेला. त्याची वायर फरशा लावण्याआधी काढून ठेवायला इलेक्ट्रिशियनला आजच सांगा.